खणातले अडॅप्टर

बबडे,

मी कोपऱ्यावरच्या कम्प्युटरच्या दुकानात जाऊन येते. बाबांना मात्र भाजीला जाते म्हणून सांगितलंय.

त्यांचा जुना मॉनिटर नव्या कम्प्युटरला काही केल्या लागत नाहीये. सकाळपासून काळ्या पडद्यासमोर ठाण मांडून बसलेत. काल स्वतः जाऊन अडॅप्टर आणला, तो नेमका उलटा निघाला: जुन्या कम्प्युटरचं चित्र नव्या मॉनिटरवर नेणारा. बदलून आणावा म्हणून पावती शोधायला मी खण उघडला, तर आत अगदी तसलेच आणखी तीन! सगळे याच आठवड्यातले. तो दुकानदारही धन्य, खुशाल विकत बसलाय! यापुढे त्यांना देऊ नका, एवढंच त्याला सांगून येते.

ज्या माणसाने ऑफिसातले चाळीस कम्प्युटर एकहाती जोडले, त्याला मी काय आणि कसं विचारू?

जेवण झाकून ठेवलंय. आलीस की त्यांच्याजवळ बस, खणाचं नावही काढू नकोस. मघाशी चपला घालून दारात उभे होते. म्हणाले, "अडॅप्टर आणायचा राहिलाय, दुकान उघडं असेल ना?"

मी म्हटलं, आज बंद असतं. तूही तेच सांग.

– आई