गोळी नंबर एक आढळली नाही

प्रति,
मेहेरबान व्यवस्थापक साहेब,
निराधार वृद्धांचे धर्मार्थ निवास, वाशीम.

विषय : अफूच्या गोळ्यांच्या डबीवरील मोहोर आजच तोडण्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, ता. २ एप्रिल १९३७.

मेहेरबान साहेब,

१. अर्जदार गोजराबाई, मूळ गाव जऊळका, ही आपल्या निवासात नऊ वर्षे दिवसपाळीवर आजाऱ्यांची सेवा करते. रात्रपाळीला सुगराबी असते. पाळी बदलताना डबी देणारीने गोळ्या मोठ्याने मोजाव्यात, कंपाउंडरने वहीत लिहावे आणि दोघींनी अंगठे उठवावेत, असा आपलाच नियम आहे. अंगठे दोघींनी बिनचूक उठवले. वर काय लिहिले आहे, ते अंगठ्याला वाचता येत नाही.

२. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला कोणी 'एक' म्हणत नाही. 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. अर्जदार गोळ्याही तशाच मोजते. सुगराबी 'बरकत' म्हणून सुरुवात करते. जुने कंपाउंडर शिरपूरचे, त्यांना हे सांगावे लागले नाही. मार्चपासून आलेले मदनसिंग शहरात वाढलेले. त्यांची मान वहीत आणि कान इकडे. 'एक' ऐकू आले नाही, सबब पहिली गोळी नाहीच, असे त्यांनी ठरवले आणि महिनाभर दोन्ही वेळा लिहिले, "गोळी नंबर एक आढळली नाही." डबीत डोकावून बघा म्हटले, तर म्हणाले, "माझं काम लिहिण्याचं आहे."

३. एकतीस दिवसांच्या बासष्ट पाळ्या, म्हणून बासष्ट गोळ्यांच्या चोरीचा आळ. साहेब, मार्चसाठी गोळ्या आल्याच चाळीस. त्यांतल्या एकतीस निवासातले आजारी सोमलाबाबा यांनी रोज एक याप्रमाणे घेतल्या, नऊ डबीत आहेत. म्हणजे अर्जदाराने बासष्टच्या बासष्ट गोळ्या पदरच्या आणून मग चोरल्या! एवढी अफू दोघींनी खाल्ली असती, तर आपली नोटीस घ्यायला कोणी उठून बसले नसते. साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात, ते हेच.

४. हसण्यावारी नेता आले असते, पण १ तारखेपासून डबीला लाखेची मोहोर आहे. सोमलाबाबांच्या पोटात गाठ आहे. चार दिवस ते गुडघे पोटाशी घेऊन पडले आहेत. काल म्हणाले, "बाई, मोजनं तुमचं चुकलं, मंग सजा माह्या पोटाले काहून?" अर्जदाराला रडू कोसळले. तेही लिहा, असे तिचे म्हणणे आहे. अर्जात रडणे कोणत्या कलमात बसते, हे अर्जनविसाला ठाऊक नाही, म्हणून येथेच नोंदवले.

५. यापुढे पहिल्या गोळीला 'एक' म्हणायला दोघी तयार आहेत. खळ्यावर मात्र म्हणणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतात.

६. नोकरीवरून काढायचे की ठेवायचे, ते आपण सवडीने ठरवावे. सोमलाबाबांना सवड नाही. अर्जदाराच्या मोजण्यावर भरवसा नसेल, तर आपण स्वतः यावे, मोहोर तोडावी आणि पहिल्या गोळीला वाटेल ते नाव द्यावे. फक्त ती म्हाताऱ्याच्या हातावर ठेवावी.

सोबत : नोटिशीची नक्कल.

हुकमासाठी आपल्या कचेरीच्या पायरीवर बसलेली,
गोजराबाई
(डाव्या अंगठ्याची निशाणी)

लिहिणार : बदरुद्दीन, अर्जनवीस
वाशीम, ता. ४ एप्रिल १९३७