न्हाणीमागचं रोप

अहो,

सकाळच्या गाडीनं जालन्याला चालले. आत्याबाईंना दाढ दाखवायला जाते म्हणून सांगितलंय, तुम्ही भलतं बोलू नका. भाकरी टोपल्यात हाय.

काल दवाखान्यात तुमचा लई राग आल्ता. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, या इलाजात एका वेळेला शंभरातल्या दहा-पंधरा जणींनाच दिवस जातात. अन् तुम्ही लगेच म्हणालात, "एवढ्या कमी उगवणीचं बियाणं आम्ही पेरत न्हाई." मॅडम हसल्या. मला हसू आलं न्हाई. दोनदा हा इलाज करून रिकामी परत आले, ती मीच ना?

मॅडम म्हणाल्या तसा आजचाच दिवस बराबर हाय. पण सॅम्पल तुम्हालाच द्यावं लागतं, तुमच्याबिगर काही होत न्हाई. मी दवाखान्यातल्या बाकड्यावर वाट बघते. दुपारपर्यंत न्हाई आलात, तर खरंच दाढ दाखवून परत येईन. बिलकुल भांडणार न्हाई.

मागं तुम्ही सोयाबीनची उगवण बघायला शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळले होते. कमी उगवले म्हणून सगळे न्हाणीमागं फेकून दिले. त्यातलं एक रोप उभं राह्यलंय. कोंबड्यांनी खाऊ न्हाई म्हणून मी भोवती विटा लावल्यात. निघालात तर त्याला तांब्याभर पाणी घालून या.

शंभरात किती उगवले, ते त्याला कुठं ठाऊक हाय.

दैवशाला