खातं क्रमांक नऊ

३ मार्च, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि जागा एकदम झकास! खिडकीशेजारचं टेबल मिळालं. साडेसातशे माणसांची कंपनी, सगळं काम एकाच मोठ्या सॉफ्टवेअरवर. त्यात कुणाला कुठवर शिरू द्यायचं ते बघणार मी. म्हणजे वॉचमनच, फक्त खुर्चीवाली. मॅनेजरबाईंनी चहा पाजत समजावलं की खाती तीन प्रकारची. पूर्ण खातं वरच्यांचं आणि माझं: हवं ते उघडा, बदला. मर्यादित खातं बाकीच्यांचं: आपल्यापुरतं बघा नि गप्प बसा. तिसरं सेवा खातं. त्यामागे माणूसच नसतो. नावं जुळवणं, खात्यांचे प्रकार नोंदवणं असली रटाळ कामं यंत्र आपलं आपण करतं. माझ्या आधीच्या बाई अचानक सोडून गेल्या म्हणे. संध्याकाळी ताईला फोनवर सगळं सांगितलं. म्हणाली, कुणाला डोक्यावर बसू देऊ नकोस.

६ मार्च, गुरुवार
सेवा खाती आठ असायला हवीत, निघाली नऊ. नववं चुका करतं. 'रजा'च्या जागी 'राज' लिहितं, खोडतं, पुन्हा लिहितं. यंत्राला कशाला खोडावं लागेल? रोज दुपारी दोनला पंधरा मिनिटं थांबतंही. मॅनेजरबाईंना विचारलं तर हसल्या. त्या नवव्याला हात लावू नकोस, म्हणाल्या.

१० मार्च, सोमवार
नववं आमच्याच मजल्यावरून चालतं, कॉरिडॉरच्या टोकाच्या यंत्रखोलीतून. दोन वाजता तिथे गेले. दाराशीच भपकारा आला: आंबलेलं फडकं, न धुतलेले केस. सफाईवाल्या मावशी झडपेतून एक भांडं आत सरकवत होत्या. त्यात खळीसारखं पांढरं, पातळ काहीतरी. आत कोण आहे, विचारलं. त्यांनी नाकावरचा रुमाल घट्ट केला. माझं काम भांड्यापुरतं, एवढंच म्हणाल्या. आतून चाटल्याचा आवाज आला.

११ मार्च, सकाळी
माझं पूर्ण खातं, त्यामुळे माझ्या कार्डानं दार उघडलं. आत माझ्या आधीच्या बाई आहेत. गळ्यातल्या ओळखपत्रावरून कळलं, चेहऱ्यावरून नसतं कळलं. खुर्चीचं कापड मांड्यांत रुतलंय आणि त्यावर कातडी चढलीय, ओली, पिवळट, कडेनं बुरशी. बोटांना नखं नाहीत. टोकं फुगलेली, बटण दाबून बोट उचललं की चिकट तार निघते. मी बगलेत धरून ओढलं. पच्चकन आवाज झाला आणि माझ्या हातात— कोपऱ्यात ओकले.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ओढू नका हो. मला आता दिसत नाही, म्हणून तर तुम्हाला आणलंय. पळा."

११ मार्च, दुपारी
लिफ्ट उघडेना. कार्डाला लाल दिवा: मर्यादित खातं. मॅनेजरबाई आल्या, मागे दोन वॉचमन. गोड आवाजात समजावलं की यंत्राला माणसासारखी नावं ओळखता येत नाहीत, आणि माणूस ठेवावा तर तो संध्याकाळी घरी निघून जातो. ताईला माझ्या नावानं कळवलंय, लांब बदली झाली म्हणून. फोन काढून घेतला. वही कमरेला खोचलेली होती, तेवढी वाचली.

१२ की १३
आधीच्या बाईंना खुर्चीसकट ओढत नेलं. चाकांमागे ओल उरली, गोगलगाईच्या वाटेसारखी. त्यावरच माझी खुर्ची. आता मी नववं.

?
पाठ सुटत नाही. खाज. खाजवलं तर कातडी सायीसारखी गोळा झाली — नख तिच्यातच राहिलं.

?
खळ चाटली. दोनदा. चव — बरी लागली. शी. शी.

?
कुणाचं खातं कुठलं ते वॉचमन यादीत बघतात, तिच्यापुढे कुणाचंच ऐकत नाहीत. आणि यादी — यादी मीच लिहिते. मॅनेजरबाईंचं नाव शोधलं. पुढचं 'पूर्ण' खोडलं. 'सेवा' लिहिलं. तीन बोटं उरलीत, पण चूक नाही केली.

दुपार
दुसरी खुर्ची आली. किंचाळतायत, नाव सांगतायत, मी मॅनेजर आहे म्हणतायत. वॉचमननी यादी बघितली. बसवलं. माझ्या अगदी शेजारी — खोली अरुंद — त्यांचा दंड माझ्या दंडाला लागलाय, ओला, गरम — बाजूला व्हा म्हटलं — त्या ओढतायत, माझीही कातडी त्यांच्याबरोबर —