रविवारी लिहिलेली सोमवारची बैठक

रोहणा,
गुरुवार, ११ डिसेंबर २०२५

प्रिय गजेंद्र,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उद्या स्वतः पिपरी मेघेला येऊन तुझ्या दारात टाकीन. बेल वाजवणार नाही. परवा शनिवारी, सकाळी अकराला, मालक तुझ्या नोकरीचा फैसला करणार आहेत.

आपल्या जिनिंग मिलमधली सोमवारची बैठक मी सुरू केली. दहावी नापास माणूस, पण सव्वानऊला सुरू, नऊ पस्तीसला बंद, आणि इतिवृत्त असं की बी.कॉम.वाल्यांनी बघत राहावं. मालक पाहुण्यांना ती वही दाखवायचे. वीस मिनिटांत एवढं लिहून होतं कसं, हे कुणी विचारलं नाही. मी वही रविवारीच घरी लिहायचो. 'चर्चेअंती सर्वानुमते ठरले', चर्चेच्या आदल्या दिवशी. सोमवारी फक्त सह्या.

सतरा नोव्हेंबरच्या बैठकीत तू, गंजी सांभाळणारा, उठून म्हणालास, "माणिकभाऊ, कापूस ओला हाये. वाळवल्याबिगर गंजी लावली तं आतून तापून जाईन." वजनकाट्यावरचे बंडूजी म्हणाले, "कापूस हाये का पापड, गजू? वाळू घालतं काय!" सगळे हसले. मीही. कापूस निवडणारी पंचफुलाबाई हात वर करून एवढंच म्हणाली, "माह्या हाताले चिकटून राह्यला ना भाऊ." घड्याळात नऊ चौतीस. मी वही फिरवली; 'कापसाची गंजी आजच लावावी' असं तिच्यात आधीच लिहिलेलं. तू सही केलीस. न वाचता, माझ्या भरवशावर.

नवव्या दिवशी गंजीतून वाफ निघाली. दोनशे दहा क्विंटल कापूस पिवळा पडला. आता मालक वही पुढे करतात: गजेंद्र तर कबूल होता, म्हणजे गंजी त्यानेच सांभाळली नाही. आणि मी सोळा दिवस गप्प.

या सोमवारी वही कोरी नेली. सगळ्यांत आधी पंचफुलाबाईला विचारलं, स्वतः शेवटी बोललो. सव्वादहा वाजले. चार जण माझ्याविरुद्ध बोलले, त्यातल्या दोघांचं बरोबर निघालं. ऐकता ऐकता लिहिलं, अक्षर बिघडलं.

शनिवारी खरं सांगायचं ठरवलं आहे. पण मालकांपुढे उभा राहिलो की माझी जीभ कशी वळते, ते मी एकवीस वर्षं पाहतो आहे. म्हणून हे कागदावर: तो ठराव सोळा तारखेला मी एकट्याने लिहिला, आणि बैठकीत तू विरोध केला होतास. याची झेरॉक्स काढून ठेव. मूळ प्रत, मी तोंड उघडायच्या आधी, त्यांच्या टेबलावर ठेवजो.

तुझाच,
माणिक
(माणिक सदाशिवराव ढोले, सुपरवायझर. सही पूर्ण केली आहे.)