ध्यानात रमलेल्या प्राध्यापिका

बारामती, ११ ऑगस्ट २०२५

ती. सारजाआत्यास सविनय जय भीम.

बसून, पोटभर शेवटचं कधी जेवलीस, असं तू विचारलंस. खूप आठवून पाहिलं, आठवेना. फोन हातात घेतला की विद्यार्थिनींचीच कामं निघतात, म्हणून पत्र. कॉलेजने मला वर्गातल्या सगळ्या पोरींची पालक-शिक्षिका केलंय. लग्नाआधीच भरलेलं घर. डॉक्टर म्हणतात, रक्त कमी आहे, भरती व्हा. पण मग पोरींचं काय? मी शिकत होते तेव्हा मला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून दर रविवारी सकाळी मी प्रत्येकीला फोन करते.

कॉलेजलाही आमची काळजी आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी ‘शिक्षकांनो, स्वतःला जपा’ ही कार्यशाळा झाली. हजेरी सक्तीची, संयोजक मी. शाल, नारळ, नाश्ता आणून दमले, तेवढ्यात पाहुण्यांनी डोळे मिटायला लावले. मला खुर्चीतच चक्कर आली. प्राचार्यांनी फोटो काढून अहवालावर छापला: ‘ध्यानात रमलेल्या प्राध्यापिका’. सोबत पाठवतेय. बाबांना दाखवू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
तेजश्री

अंथुर्णे, १८ ऑगस्ट

चि. तेजश्रीस जय भीम आन् आशीर्वाद.

फोटू पावला. आमीबी विहारात ध्यानाला बसतो, पण मान अशी कोंबडीगत लटकत न्हाय. तुज्या बापाला दाखवलाच. म्हणला, पोरगी शिकली, आता चक्कर आली तरी कौतुक व्हतं. हसला, आन् ताटावरनं उठून गेला.

तुज्या फोनबिगर पोरी बुडत्याल म्हणं. व्हय, तुज्या आधी बारामतीत समदी अडाणीच हुती! त्यांनाच इचार की एकदा.

जिवाला घोर लावू नगंस.
तुजी आत्या

बारामती, १ सप्टेंबर

ती. आत्यास जय भीम.

विचारलं. पोरींमधली योगिनी म्हणाली, मॅडम, रागावू नका, रविवारी आम्ही झोपलेल्या असतो. तुमचा फोन आला की अभ्यास करतोय असा आवाज काढतो. अडचण आली तर येऊ की आम्ही स्टाफरूममध्ये. म्हणजे मी समाज घडवत होते आणि समाज जांभया देत होता.

फोटो गाजला म्हणून पुढची कार्यशाळाही प्राचार्यांनी मलाच दिली. विषय: ‘नाही म्हणायला शिका’. मी नाही म्हणाले. ते म्हणाले, अहो, कार्यशाळेच्या आधीच?

काल ती झाली म्हणे. मी रजेचा अर्ज देऊन शनिवारीच दवाखान्यात आले. सलाईन चालू आहे. बाबांना सांग, घाबरू नका. भरती मी माझ्या पायांनी झाले.

लोभ डब्यातून पाठवलास तरी चालेल.
तेजश्री