अंगणात टाकलेला मुरूम

प्रिय नंदिनी,

फोनवर मी हं, हो, बरं एवढंच म्हणतो, अशी तुझी जुनी तक्रार आहे. ती खरी आहे, म्हणून कागद घेतला. माझी तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, पण चालता येतं. सूनबाई मयुरा दोन्ही वेळचा डबा पाठवते. ओली बाळंतीण, तिने एवढं करू नये असं मी म्हणतो, ती ऐकत नाही. बाळ आता दोन महिन्यांचं झालं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नामकरण ठरलं आहे. तू येणार नाहीस असं जावईबापूंनी कळवलं. पहिली तारीख प्रीतमने तुझ्यासाठीच पुढे ढकलली होती, ही दुसरी. निरोप ऐकून तो मला म्हणाला, "आत्याच नाही आली त पोरीचं नाव कोन ठेवन जी बाबा? राहू द्या अजून बिननावाची." हसून म्हणाला, पण मग बराच वेळ गाडी पुसत बसला. गाडी स्वच्छच होती.

यंदा आपल्याकडे पाण्याने फार त्रास दिला. तुला आठवत असेल, गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हापासून आपलं अंगण रस्त्याच्या वीतभर खाली गेलं. तेव्हा तू लग्न होऊन हैदराबादला गेली होतीस, त्यामुळे तुझ्या आईने पुढे काय काय केलं ते तू पूर्ण झाल्यावरच पाहिलंस. बचत गटातल्या बायकांना कुणीतरी समजावून सांगितलं होतं, की छपराचं पाणी रस्त्यावर सोडू नका, घरच्या घरी अडवा. तिने प्रीतमला बुटीबोरीहून दोन निळे ड्रम आणायला लावले. पन्हाळीचा पाइप त्यात सोडला, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधलं. ड्रम भरले की वरचं पाणी नळीने खालच्या कोपऱ्यात जायचं. तिथे, घराच्या भिंतीपासून दहा फूट लांब, मायलेकांनी मिळून गुडघाभर खोल खळगा खणला. माती भुसभुशीत करून त्यात रेती आणि शेणखत मिसळलं, आणि कर्दळ, वाळा, अळू लावलं. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती काडी घालून पाहायची. पाणी जिरलेलं असायचं. नाही जिरलं तर डास होतात म्हणायची.

मी व्हरांड्यात पेपर वाचत बसायचो. ती मला ऐकवायची, "तुमच्या खात्यानं एवढाली धरणं बांधली, अन् तुमाले एक ड्रम सरळ नाही ठेवता येत जी." प्रीतम मातीने भरलेला असायचा, तो खो खो हसायचा. मीही हसायचो, पण उठायचो नाही. पाटबंधारे खात्यात मी तीस वर्षं कागदच सांभाळले, हे तिलाही माहीत होतं. शेवटच्या पावसाळ्यात ती पलंगावरून विचारायची, "पन्हाळी साफ केली काय जी?" मी हो म्हणायचो. केलेली नसायची. तिला ते कळत असावं, कारण ती पुन्हा विचारायची नाही.

आई गेल्यावर झालेल्या तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. एप्रिलचं ऊन होतं, लोक खूप येणार होते, अंगणभर मांडव घालायचा होता. तू आदल्या दिवशी तुझ्या सासूबाईंना आणायला भिवापूरला गेली होतीस. सकाळी परत आलीस तेव्हा खळगा बुजलेला होता, वर मुरूम टाकून धुमसाने ठोकून सपाट केलेला, आणि त्यावर खुर्च्यांच्या रांगा. उपटलेला वाळा फाटकाजवळ वाळत पडला होता. तू बॅगही खाली ठेवली नाहीस. "आईले जाऊन आठ दिवस नाही झाले, अन् तू तिचं सारं बुजवून मोकळा झाला काय रे?" असं तू प्रीतमला सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालीस. आणखीही बोललीस, ते मी लिहीत नाही. तो वाकून फाटकाजवळचा वाळा गोळा करायला लागला. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस, आणि तेव्हापासून तुम्हा भावाबहिणीत बोलणं नाही.

जुलैच्या अखेरीस दोन दिवस सतत पाऊस लागला. ड्रम पहिल्या तासातच भरले आणि वरचं पाणी नेहमीच्या वाटेने कोपऱ्याकडे गेलं. तिथे आता दगडासारखा मुरूम. पाणी अंगणभर पसरलं आणि उताराने शेजारच्या प्रयागबाईंकडे शिरलं. त्या फाटकातून ओरडल्या, "भाऊ, तुमच्याकडचं पाणी माह्या सैपाकघरात येऊन राहिलं जी! कणकेचा डबा पोहून राहिला!" मी छत्री घेऊन गेलो आणि नुसता उभा राहिलो. त्यांनीच सुपलीने पाणी काढलं. जाताना म्हणाल्या, "जयवंताबाई होत्या तवा एवढ्या वर्षांत थेंब नाही आला." टोमणा नव्हता तो. म्हणूनच मला जास्त लागला.

त्यानंतरच्या रविवारपासून प्रीतम कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सब्बल आणि फावडं घेऊन येतो. ठोकलेला मुरूम सहज निघत नाही. पहिल्या दिवशी दोन घमेली निघाली आणि त्याच्या तळहातांना फोड आले. दुसऱ्या रविवारी मी घमेली उचलायला लागलो. तो म्हणाला, "तुमी बसा बाबा, गुडघा दुखन." मी बसलो नाही. सहा रविवार झाले. खळगा जवळजवळ पहिल्याएवढा झाला आहे. प्रयागबाईंनी त्यांच्याकडची कर्दळ आणून दिली. पाणी अजून पूर्वीसारखं पटकन जिरत नाही, दोन दिवस लागतात. खालची माती दबली आहे, तिला वेळ लागेल. मी सकाळी काडी घालून पाहतो. मला थकायला होतं, नंदिनी. कामाने नाही. शेजारी तो खणत असतो आणि मी त्याला काही बोलू शकत नाही, त्याने.

तो खळगा प्रीतमने बुजवला नव्हता. मांडववाला भैय्याजी मला म्हणाला होता, "काकाजी, इथं मांडवाचा पाय टेकत नाही, भरून टाकू काय?" मी म्हणालो, भर. प्रीतम तेव्हा भंतेजींना आणायच्या गाडीचं ठरवायला गेला होता. तो परतला तोवर धुमस चालू होतं. "बाबा, हे काय केलं?" एवढंच म्हणाला. मांडवाचा पाय चार फूट सरकवता आला असता. पण त्या कोपऱ्याकडे पाहिलं की मला ती पलंगावरून विचारते आहे असं वाटायचं, आणि मला ते डोळ्यांसमोर नको होतं. तू त्याला बोलत होतीस तेव्हा त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी खुर्च्या मोजत होतो. त्याने हे आजवर कुणाला सांगितलं नाही, मयुरालाही नाही. मागच्या रविवारी मी विचारलं, काहून सांगत नाहीस? म्हणाला, "तुमाले कोनाचं बोलणं सहन होत नाही बाबा. मले होते." पाच महिने तो तुझं बोलणं माझ्या जागी सहन करतो आहे, आणि मी ते करू दिलं. हे सांगायलाच पत्र लिहिलं, बाकीचं सगळं लिहिता लिहिता आलं. तू नामकरणाला ये. आधी पोरीच्या कानात नाव सांग. मग जे त्याला बोललीस ते मला बोल, सगळ्यांसमोर बोललीस तरी चालेल. मी उठून जाणार नाही.

तुझाच,
बाबा