विरोधकाची खुर्ची

गुरुवार, ५

आज पुन्हा मीच! खिडकीखालची, एक हात मोडलेली खुर्ची — तिच्यात बसलं की तेवढ्यापुरतं नास्तिक व्हायचं. बाकीचे समोर बाकांवर. मी शंका काढायच्या, त्यांनी उत्तरं द्यायची. दर गुरुवारी चर्चमध्ये पाळकसाहेब हा सराव घेतात. उद्या बाहेर कोणी विश्वासाबद्दल विचारलं तर आम्हा पोरांची बोबडी वळू नये म्हणून. शेवटी ते चष्म्याचं घर टेबलावर ठोकतात. ठोकलं की विरोधकाने "पटलं" म्हणायचं. मग प्रार्थना. मग चहा.

आधी सगळे आळीपाळीने बसायचे. आता मलाच ढकलतात. "शंकासुराला बसवा रे, तो घाम फोडतो!" हसतात. मीही हसतो.

आज "पटलं" म्हणालो. पटलं नव्हतं. उत्तर बरोबर असेलही — मला जरा विचार करायचा होता, तेवढ्यात टकटक झाली.

माझा विश्वास आहे. हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्या खुर्चीत बसून बसून आता प्रार्थनेतसुद्धा मला आधी "पण" सुचतं.

शुक्रवार, ६

दुकानात घासता घासता एक काच फोडली. मालक म्हणाले, "लोकांचे चष्मे करतोस, आधी स्वतःचे डोळे तपासून घे!"

रविवार, ८

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी थांबवून घेतलं. शनिवारी खुली सभा आहे. बाहेरचे लोक येणार, आणि त्यांच्यासमोर आमचा गुरुवारचा प्रकार करायचा. खुर्चीत मी.

"तुझा दादा येतोय," ते म्हणाले. "वहिनीने कबूल करवलंय त्याला."

दादा! त्याची लेक छकुली तापाने गेली त्याला वर्ष होऊन गेलं. तिला पुरून आल्यापासून त्याने चर्चची पायरी चढलेली नाही.

"तू लहान मुलांचाच प्रश्न विचार. देव चांगला आहे, तर निष्पाप लेकरू का जातं? त्याच्या मनातलं तुझ्या तोंडून येऊ दे. तुला पटलेलं पाहिलं की त्यालाही वाट सापडेल."

"पण साहेब, ते सगळं आधी ठरवलेलं असणार ना?"

"अरे, पोराला औषध पाजताना आई 'गोड आहे' म्हणते. ते काय पाप झालं?"

खांद्यावर हात ठेवला. याच माणसाने मला नोकरी लावून दिली. छकुलीची पेटी याच हातांनी उचलली होती. ढोंगी नाहीत ते. असते तर बरं झालं असतं, "नाही" म्हणता आलं असतं.

मंगळवार, १०

छकुलीची घडीची खाट अजून बाहेरच्या खोलीच्या दारामागे उभी आहे. दार पुरतं उघडत नाही. आम्ही तिघंही तिरके होऊन आत येतो.

वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाली, "भाऊजी, एक शब्द तर म्हणायचाय. माझ्यासाठी म्हणा. ह्यांच्याबरोबर एका बाकावर बसायचंय मला पुन्हा."

दादा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून उशिरा आला. लिफ्ट अडकली होती कुठेतरी. "आत एक काका, बाहेर त्यांची बायको बोंबलतेय. दार उघडलं तर काका म्हणतात, इतकी काय घाई होती!" वहिनी हसली. किती दिवसांनी! मी विचारलं, "आधी काय बिघडलंय ते बघतोस का?"

"छे! आधी माणूस बाहेर काढायचा. बिघाड कुठे पळून जातोय?"

गुरुवार, १२

रंगीत तालीम. पाळकसाहेबांचं उत्तर असं — देव वरून दुःख पाठवत बसत नाही, तो रडणाऱ्याच्या शेजारी येऊन बसतो. आणि आपल्याला सगळं दिसत नाही म्हणून पलीकडे काहीच नाही, असं होत नाही.

चांगलं उत्तर आहे. खरंच चांगलं आहे. छकुलीला ओळखत नसतो तर मला पुरलं असतं.

"शेवटी डोळे पुसलेस तर बहार येईल," तरुणसंघाचा सेक्रेटरी म्हणाला.

घरी आरशासमोर "पटलं" म्हणून पाहिलं. आरशातल्यालाही पटलं नाही.

शुक्रवार, १३

उद्या आजारी पडू दे, अशी प्रार्थना केली. अशी प्रार्थना कोण करतं!

रविवार, १५

काल लिहिलं नाही. आज क्रमाने लिहितो.

सभागृह भरलेलं. दादा मागच्या रांगेत, कामाच्याच कपड्यांत, शेजारी वहिनी. मी प्रश्न विचारला. पाठ केलेला विसरलो आणि भलताच बाहेर आला — "तिने पाणी मागितलं होतं, तेव्हा देव कुठे बसला होता?" पाळकसाहेबांनी उत्तर दिलं, नेहमीपेक्षा हळू. मग चष्म्याचं घर ठोकलं.

मी गप्प.

पुन्हा ठोकलं. वहिनीचे ओठ हलताना दिसत होते — म्हणा, म्हणा. तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा मी खुर्चीचा मोडका हात घट्ट धरून बसलो होतो. लोक कुजबुजायला लागले.

आणि मागून आवाज आला, "पटलं."

दादा उभा होता!

मग काय, टाळ्या, रडारड. वहिनी त्याच्या बाहीत तोंड खुपसून रडली. पाळकसाहेबांनी मिठी मारली. पुढच्या रविवारी दादाने सगळ्यांसमोर विश्वासाची साक्ष द्यायची, असंही ठरवून टाकलं.

रस्त्यात त्याला बाजूला घेतलं. "तू खोटं बोललास!"

"तुझं तोंड बघवेना. अडकला होतास." मग थोडं चालून, "तू का नाही म्हणालास?"

"छकुलीवरून खोटं 'पटलं' नाही म्हणता आलं."

तो पुढे चालायला लागला.

आज सकाळी वहिनी गुणगुणत होती. आता मी खरं सांगितलं तर तिचं गाणं बंद पडणार. नाही सांगितलं, तर दादा व्यासपीठावर उभा राहणार. काल एकटा मी खुर्चीत होतो. आज सगळं घर बसलंय.

बुधवार, १८

दादाने वहिनीला खरं सांगून टाकलं. पाळकसाहेबांनाही. वहिनी कालपासून अबोला धरून आहे.

दाढी करता करता म्हणाला, "उद्या त्या खुर्चीत मी बसणार. ठोकाठोकी चालायची नाही, सांगून आलोय. आणि उत्तर साहेबांनी नाही, तू द्यायचं."

माझ्याकडे उत्तर नाही.

"हो" म्हटलं.